घर कोण सांभाळत होते?

समुद्रप्रवासावरचा लेख म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे अथांग निळे पाणी, फेसाळणाऱ्या लाटा आणि शिडांत भरलेला वारा उभा राहतो. या लेखातही ते थोडेफार येईल. परंतु माझा प्रश्न निराळा आहे आणि तो माझा नाहीच, माझ्या आईचा आहे.

आमचे गाव जयगडच्या खाडीकाठी. माझे वडील वयाच्या पंचविसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले, पुढे सुकाणी झाले आणि गेल्या वर्षी बोसन म्हणून निवृत्त होऊन घरी आले. दर्यावर्दी माणसाजवळ एक नोंदपुस्तक असते. त्याला सीडीसी म्हणतात. कोणत्या तारखेला बोटीवर चढला, कोणत्या तारखेला उतरला, याचे शिक्के त्यात असतात. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे म्हणा किंवा उगाच म्हणा, मी एका दुपारी बाबांच्या साऱ्या नोंदपुस्तकांतील तारखांची बेरीज मांडली. उत्तर पाहून मी गप्पच झाले. आईबाबांच्या लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. त्यांपैकी एका छपराखाली दोघे राहिले ती जेमतेम सात वर्षे! उरलेली बावीस वर्षे एक जण पाण्यावर होता आणि दुसरी किनाऱ्यावर.

त्यामुळे बाबा कायमचे घरी आले तेव्हा आनंदाबरोबर एक अवघडलेपणही घरात आले. चहात साखर किती लागते हे आईने त्यांना पाहुण्यासारखे विचारले. विजेचे बिल कुठे भरतात, गॅसचा नंबर कुठे लिहिला आहे, पाण्याच्या पंपाची कळ कोणती, यांतले बाबांना काहीच ठाऊक नव्हते. दिवसभर ते पडवीत बसून खाडीकडे बघत. आईला ते बघवत नसे आणि बोलवतही नसे.

अशा दिवसांत त्यांच्या लोखंडी ट्रंकेत मला एक इंग्रजी पुस्तक सापडले. ‘क्रूझिंग इन सेराफिन’ हे त्याचे नाव. प्रकाशन 1976 चे. लेखक लिन आणि लॅरी पार्डी, म्हणजे नवराबायकोच. बोटीवरच्या कपाटातील जुनी पुस्तके टाकून देत होते, त्यांतून बाबांनी ते उचलले होते. मी रात्री जेवणानंतर त्यातला मजकूर मराठीत सांगू लागले. एक जोडपे स्वतः बांधलेल्या शिडाच्या होडीतून देशोदेशी हिंडते, ही हकीकत बाबा कान देऊन ऐकत. आई मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “ते सगळं खरं गं. पण मग त्यांचं घर कोण सांभाळत होतं?”

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी त्या दोघांची इतर पुस्तके आणि मुलाखती मिळतील तशा वाचल्या. त्या वाचनाचे सार प्रस्तुत लेखात देत आहे.

लॅरी पार्डी हा कॅनडाचा, जन्म 1939 चा. लाकडी होड्या बांधण्यात निष्णात. लिन अमेरिकेची, जन्म 1944 चा. हिशेबनीसाचे काम करणारी, उंचीने अगदी लहानखुरी. 1965 साली कॅलिफोर्नियात त्यांची गाठ पडली. लॅरीने होडी बांधायला घेतली होती. लिन तिच्यात सामील झाली. तीन वर्षांहून अधिक काळ नोकरीधंदा सांभाळून दोघांनी ती पुरी केली आणि 1968 मध्ये ती पाण्यात उतरवली. तिचे नाव ‘सेराफिन’. लाईल हेस यांनी आखलेल्या या होडीची लांबी अवघी 24 फूट 4 इंच. आपल्या कॉलेजची एखादी वर्गखोली याहून लांब भरेल! एवढ्या जागेत झोपणे, स्वयंपाक, नकाशे, हत्यारे, पाणी, धान्य असा सारा संसार मांडून ते 1969 मध्ये निघाले. मेक्सिको, पनामा कालवा, बर्म्युडा, अझोर्स बेटे, इंग्लंड, बाल्टिक, भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर, फिलिपाइन्स, जपान आणि मग उत्तर पॅसिफिक ओलांडून कॅनडा, असा पृथ्वीला वळसा घालून ते कॅलिफोर्नियात परतले तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

आता कोणीही विचारील की, अकरा वर्षे हिंडायला पैसा कुठून आला? दोघेही गर्भश्रीमंत नव्हते. उत्तर त्यांच्या होडीच्या बांधणीतच आहे. सेराफिनला इंजिन नव्हते. वारा पडला तर मागच्या बाजूने एक लांब वल्हे मारून ते होडी बंदरात आणीत. दिवे रॉकेलचे. दिशा पाहायला होकायंत्र. आणि सूर्यताऱ्यांची उंची मोजून आपले स्थान काढायला सेक्स्टंट. इंजिन नाही म्हणजे डिझेलचा खर्च नाही, दुरुस्ती नाही, सुट्या भागांसाठी परक्या बंदरात महिनोन्महिने खोळंबा नाही. शिवाय इंजिनाची जागा सामान ठेवायला मोकळी! अर्थात याची किंमतही होतीच. वारा नसला म्हणजे बंदर डोळ्यांपुढे असूनही बाहेर तासन्‌तास डोलत राहावे लागे. पण त्यांचा हिशेब सरळ होता: होडी जितकी लहान आणि साधी, तितका तिचा खर्च कमी, खर्च कमी, तितके किनाऱ्यावर नोकरीचे महिने कमी, आणि नोकरीचे महिने कमी, तितके समुद्रावरचे अधिक. आपण अर्थशास्त्रात उत्पन्न वाढवण्याचे मार्ग शिकतो. गरजा आखडून वेळ विकत घेता येतो, हे मला या दोघांनी शिकवले.

पैसा लागेच. त्यासाठी ते एखाद्या बंदरात काही महिने मुक्काम ठोकीत. लॅरी होड्यांची दुरुस्ती करी, दोरखंड व डोलकाठ्यांची कामे घेई. कधी दुसऱ्या कोणाची होडी एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचवून देण्याचे काम दोघे मिळून घेत. पुढे मासिकांतून लेख आणि मग पुस्तके यांतून मिळकत होऊ लागली. म्हणजे किनाऱ्याला त्यांनी कधी पाठ फिरवली नाही. किनाऱ्यावर ते कमावीत आणि त्या कमाईवर समुद्रावर राहत. एकाच माणसाने कायम कमवावे आणि दुसऱ्याने कायम वाट पाहावी, ही वाटणी तेवढी त्यांच्याकडे नव्हती.

कामाच्या वाटणीचा विषय निघाला म्हणून पहाऱ्याविषयी सांगते. भर समुद्रात होडी रात्री थांबत नाही. माणसे दोनच. तेव्हा एक झोपतो, दुसरा जागतो. दर तीन-चार तासांनी पाळी बदलते. मोठ्या जहाजांचे दिवे दिसतात का, वारा फिरला का, शीड कमी करायला हवे का, हे जागणाऱ्याने पाहायचे. मग रात्रभर सुकाणू धरून बसायचे का? नाही. त्यासाठी एक गमतीदार योजना असते. होडीच्या मागच्या टोकाला एक हलके, उभे पाते बसवतात. ते वाऱ्याच्या दिशेशी जुळवून ठेवायचे. होडी मार्गापासून ढळली की वारा त्या पात्याच्या एका अंगावर आदळतो आणि पाते कलते. ती कलण्याची क्रिया सुकाणूला जोडलेल्या एका लहानशा फळीपर्यंत पोहोचते. वाहते पाणी त्या फळीवर दाब देते, सुकाणू वळते आणि होडी पुन्हा वाटेवर येते. वीज नाही, इंधन नाही. जो वारा होडी हाकतो तोच तिला वाटेवरही ठेवतो. बाबांनी आयुष्यभर मोठ्या जहाजाचे सुकाणू धरलेले. हा भाग त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि शेवटी कागदावर आकृती काढून आईला समजावून दिला.

परंतु यंत्रापेक्षा मोठी गोष्ट अशी की, जागणाऱ्याला झोपलेल्याची भीती वाटू नये आणि झोपलेल्याला जागणाऱ्याचा भरवसा वाटावा. त्यासाठी लिनला होडीवरचे प्रत्येक काम एकटीने करता आले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. सेक्स्टंट वापरण्यापासून शीड आखडण्यापर्यंत तिने सारे शिकून घेतले. उद्या लॅरी आजारी पडला किंवा पाण्यात पडला तर? हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. उलट लिनने लिहिलेले एक पुस्तक सर्वस्वी समुद्रावरील स्वयंपाक आणि खलाशांची काळजी यांवर आहे. जपानहून कॅनडापर्यंतच्या सुमारे सात आठवड्यांच्या प्रवासात रोज काय रांधले, याची नोंद तिने त्यात दिली आहे. डोलणाऱ्या होडीत रांधलेले गरम अन्न हे शिडाइतकेच होडीला पुढे नेते, हे तिने हिशेबनीसाच्या काटेकोरपणाने मांडले. आईला हा भाग फार आवडला. “म्हणजे स्वयंपाकाचीसुद्धा नोंद ठेवतात तर!” एवढेच ती म्हणाली, पण त्या ‘सुद्धा’मध्ये बावीस वर्षे होती.

वादळाचे काय करीत, हाही प्रश्न स्वाभाविक आहे. आपली समजूत अशी की, वादळात शूर नाविक लाटांशी झुंजतो. पार्डी दांपत्याचा सल्ला उलटा होता: थांबावे. शीड अगदी लहान करायचे आणि सुकाणू अशा कोनात बांधायचे की होडी वाऱ्याला तिरके तोंड करून जवळजवळ जागच्या जागी राहील व हळूहळू बाजूला सरकेल. अशी सरकताना ती आपल्या वाऱ्याकडच्या अंगाला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा सोडते आणि त्या पट्ट्यात उसळत्या लाटांचा जोर मोडतो. फारच वारा असला तर पाण्यात छत्रीसारखा कापडी नांगर सोडून होडी त्याला बांधतात. मग दोघांनी खाली जाऊन आळीपाळीने विश्रांती घ्यायची. या विषयावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. झुंजण्यापेक्षा थांबता येणे हे अधिक कौशल्याचे आहे, हे वाचताना मला पडवीत बसलेले बाबा आठवले. ते नुसते बसले नव्हते. ते थांबले होते.

आता आईच्या प्रश्नाकडे वळते. घर कोण सांभाळत होते? पहिली अकरा वर्षे होडी हेच घर होते, म्हणून प्रश्नच नव्हता. 1980 नंतर मात्र चित्र बदलले. दुसरी, थोडी मोठी होडी बांधण्यासाठी ते कॅलिफोर्नियातील एका आडबाजूच्या दरीत तीन वर्षे राहिले. 1983 मध्ये ‘तालेसिन’ पाण्यात उतरली. लांबी तीस फुटांच्या आत आणि तिलाही इंजिन नव्हते. तिचे कवच सागवानी लाकडाचे. तिच्यातून ते न्यूझीलंडला पोहोचले आणि ऑकलंडच्या उत्तरेला कवाऊ नावाच्या बेटावर एक जुने घर आणि होड्या दुरुस्त करण्याची शेड त्यांनी घेतली. दाराशी होडी, अंगणासमोर धक्का. तेथे दुरुस्तीची कामे करावीत, पुस्तके लिहावीत आणि मग पुन्हा शीड उभारावे, असा क्रम सुरू झाला. याच घराच्या आधाराने ते ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, युरोप असा प्रदीर्घ प्रवास करू शकले आणि 2002 मध्ये, लॅरी साठी ओलांडल्यावर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे तेथील नेहमीच्या वाऱ्यांच्या विरुद्ध, ओलांडून गेले.

न्यूझीलंड हा मुक्काम तसा त्या भागातील साऱ्याच फिरत्या होड्यांचा. दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. म्हणून टोंगा, फिजीकडे हिंडणाऱ्या होड्या या सुमारास दक्षिणेला न्यूझीलंडकडे उतरतात आणि मे महिन्याच्या सुमारास पुन्हा उत्तरेला निघतात. वर्षाचे आपोआप दोन भाग पडतात: एक किनाऱ्याचा, एक पाण्याचा. आपल्याला हे नवीन का आहे? 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, जाळी विणायची, लग्नकार्याचे देणे फेडायचे. आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून दर्याला पुन्हा हात जोडायचे. समुद्राने घरी बसवलेले महिने फुकट गेले, असे कोळी म्हणत नाही. तेव्हाच तर पुढच्या दर्याची तयारी होते!

घर आणि होडी यांचा मेळ घालण्याची रीत प्रत्येक जोडप्याची वेगळी असते. पार्डींच्या आधीच्या पिढीतील एरिक आणि सूझन हिस्कॉक या इंग्रज दांपत्याचे उदाहरण घेऊ. ‘वाँडरर तिसरी’ या 30 फुटी होडीतून ते 1952 ते 1955 आणि पुन्हा 1959 ते 1962 असे दोनदा पृथ्वीभोवती फिरले आणि मधल्या काळात इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर आपल्या घरी राहिले. 1968 मध्ये मात्र त्यांनी 49 फुटी ‘वाँडरर चौथी’ बांधून घेतली आणि किनाऱ्यावरचे घर सोडून तीच कायमची वसती केली. घर मोठे झाले, तसे सांभाळणेही मोठे झाले. दोघांच्या हातांना ती होडी जडच. उतारवयात ते पुन्हा लहान होडीकडे वळले. घर जमिनीवरचे असो की पाण्यावरचे, दोघांना पेलेल तेवढेच असावे, हा धडा दोन्ही दांपत्यांच्या आयुष्यांतून निघतो.

आपल्याकडेही शिडाची परंपरा पुन्हा जागी झाली आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून 2017–18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी आणि 2024–25 मध्ये रूपा ए. व दिलना के. या दोघीच जणी जगाला वळसा घालून आल्या. त्या दोघींनी सुमारे आठ महिने आळीपाळीने जागून नौका चालवली. त्यामुळे ‘होडीत बाईमाणसाचे काय काम?’ हा आमच्या गावातील जुना प्रश्न आता निकालात निघाला आहे. तरी मोहीम आणि संसार यांत फरक आहे. मोहिमेला निघण्याची तारीख असते आणि परतण्याचीही. संसाराला परतण्याची तारीख नसते. तो रोज चालवावा लागतो.

वाचकांचा गैरसमज नको, म्हणून दुसरी बाजूही मांडते. हे सारे ऐकून आईने विचारले, “मुलं नव्हती ना त्यांना?” नव्हती. “आणि म्हातारे आईवडील?” ते दूर देशी. दोन पोरांच्या फिया, सासूबाईंचे आजारपण, कौले बदलणे हे ज्यांच्या माथ्यावर आहे, त्यांना ‘गरजा कमी करा आणि निघा’ असे सांगणे सोपे नाही. बाबा हौसेने समुद्रावर गेले नव्हते. आम्हाला शिकवायला गेले होते. पार्डींनी समुद्र निवडला. आमच्या गावातील कित्येकांना समुद्राने निवडले. हा फरक विसरून केलेले कौतुक खोटे ठरेल.

शिवाय कितीही नीट मेळ घातला, तरी शेवटी शरीर आपला हिशेब मागतेच. लॅरीला पार्किन्सनचा आजार जडला. कवाऊच्या घरात लिनने त्याची शुश्रूषा केली; पुढे त्याला शुश्रूषागृहात ठेवावे लागले आणि 2020 मध्ये तो वारला. दोघांनी मिळून दोन लाखांहून अधिक सागरी मैल कापले होते. लिन पुढेही लिहीत राहिली आणि पुन्हा समुद्रावरही गेली. मला वाटते, हे तिला जमले याचे कारण तिने कधी केवळ वाट पाहिली नव्हती. होडीही तिची होती आणि घरही तिचे होते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले: घर दोघे सांभाळत होते, कारण होडीही दोघे सांभाळत होते. ज्याला एक येते त्याला दुसरे येऊ नये, अशी भिंत त्यांनी मध्ये घातली नाही.

हे उत्तर मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांच्या पुढ्यात एक जुनी वही टाकली. तिच्यात विजेचा ग्राहक क्रमांक, दूधवाल्याचा हिशेब, घरपट्टीच्या तारखा, माझ्या आणि भावाच्या फियांच्या नोंदी, कौले केव्हा चाळली, विहीर केव्हा उपसली, असे बावीस वर्षांचे सारे टिपलेले होते. “हे माझं नोंदपुस्तक,” ती म्हणाली. “वाचा नि शिका. या महिन्याचं सगळं तुम्ही करायचं.”

बाबांनी चष्मा लावून ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दुपारपर्यंत ते उठले नाहीत. संध्याकाळी ते विजेचे बिल भरायला निघाले तेव्हा आईने विचारले, “नारळी पौर्णिमेनंतर भावोजींची होडी सुटेल. मला खाडीच्या तोंडापर्यंत न्याल? एवढी वर्षं बंदरावर उभी राहिले, पण तिथून आपलं घर कसं दिसतं ते मी पाहिलेलंच नाही.”

पौर्णिमा यायला अजून अवकाश आहे. बाबा रोज सकाळी आकाश बघतात आणि संध्याकाळी त्या वहीत, आईच्या अक्षराखाली, आपल्या अक्षरात एक ओळ लिहितात.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)